बस म्हटलं की

फक्कीची रेष मी दहा पावलं वर सरकवली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. शाळेत खो-खोचं मैदान आखायला लागते ती पांढरी पूड मी घमेल्यातून मुठीमुठीनं डांबरी रस्त्यावर सोडत होते, आणि माझी भाची मैथिली स्केटबोर्ड काखेत मारून माझ्या मागं उभी होती.

"अजून थोडी वर, मावशी."

"गप. दहा म्हणजे दहाच."

दहा पावलांत असा काय फरक पडतो, असं मी स्वतःला समजावलं. फरक पडतो हे मला चांगलं ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीपासून खाली येणारा तो रस्ता अर्ध्यापर्यंत अंगावर येतो आणि मग एकदम मवाळ होतो. माझी जुनी रेष मवाळ भागाच्या तोंडाशी होती. नवी रेष चढावर पडली. घमेलं खाली ठेवून मी हात झटकले आणि खाली निघाले.

मी तेव्हा आमच्या गावच्या शाळेत पीटी शिकवायचे. एक्केचाळीस वर्षांची होते, आवाज खणखणीत, गळ्यात कायम शिट्टी. माने बाईंना कशाचीच भीती वाटत नाही, असं गाव म्हणायचं आणि मी म्हणू द्यायचे. खरं म्हणजे मैथिली आल्यापासून आठ दिवस माझ्या जिवाला घोर होता. माझी धाकटी बहीण शैला तिला दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडं सोडून गेली होती. पोर बारा वर्षांची, पुण्यात वाढलेली, आणि सोबत ही चार चाकांची फळी. जाताना शैला हसत म्हणाली होती, "ताई, हाडं मोजून तुझ्या ताब्यात देतेय. मोजून परत घेईन." हसत म्हणाली खरी, पण गाडीत बसताना तिनं मागं वळून दोनदा त्या फळीकडं बघितलं. ते दोनदा बघणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पहिल्याच दिवशी मी गावातल्या हाडांच्या डॉक्टरांकडं जाऊन बसले. पोरीला बंदी घातली तर ती चोरून खेळणार, हे वीस वर्षं पोरं वळवून मला कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडणार तर ती आहेच बाई, कशी पडते तेवढं बघा. त्यांच्याकडं येतात ती बहुतेक मनगटंच. पडताना माणूस हात पुढं टेकतो, सगळं वजन ताठ हातावर येतं आणि मनगट जातं. डोक्याचं तर विचारूच नका म्हणाले, आणि त्यांनी खरंच पुढं काही सांगितलं नाही.

मग मी नियम केले. डोक्यावर हेल्मेट हवंच, कपाळ झाकणारं, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात माझं एकच बोट शिरलं पाहिजे, दोन शिरली तर पट्टा ढिला. कोपराला आणि गुडघ्याला गाद्या. हाताला मनगटरक्षक, ज्यांत तळव्याकडून प्लॅस्टिकची कडक पट्टी असते. रस्ता आधी झाडून घ्यायचा, कारण हरभऱ्याएवढा खडासुद्धा चाक अडवतो आणि माणसाला पुढं फेकतो. मैथिली डोळे फिरवायची, पण ऐकायची. सकाळी आम्ही दोघी खराटे घेऊन रस्ता झाडत असलो की येणारे-जाणारे विचारायचे, बाई, कुणी मंत्री येणार आहे काय.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे 'बस'.

खो-खोत पाठलाग करणारी मुलं चौकोनात बसलेली असतात. त्यांना पटकन बसायला आणि पटकन उठायला शिकवण्यात माझा जन्म गेला. तेच मी मैथिलीला लावलं. तोल गेला, घाबरलीस, काही कळेनासं झालं, तर बोर्डावरून उडी मारायची नाही, हातही टेकायचे नाहीत. खाली बसायचं. जितकी जमिनीजवळ, तितकं पडणं छोटं. बसायचं, हात छातीशी घ्यायचे आणि कडेच्या मातीकडं पोत्यासारखं लोळायचं. अंगणात सतरंज्या टाकून आम्ही रोज पन्नासदा हे करायचो. मी "बस" म्हणायचे आणि स्वतःही बसायचे, कारण शाळेत ती सवयच लागलेली. पोरं बाईच्या तोंडाकडं कमी आणि अंगाकडं जास्त बघतात.

"चुलीपाशी असताना बस म्हणालीस तरी मी लोळेन आता," मैथिली म्हणायची.

आठ दिवसांत ती एकदाही पडली नाही. दुसऱ्या दिवशी शैला न्यायला येणार होती. पोरीनं सकाळपासून धोशा लावला होता, एकदाच वरून, मावशी, एकदाच. मी तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा घमेलं उचललं. तिनं हट्ट केला म्हणून उचललं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. पण मलाही बघायचं होतं. माझ्या हाताखाली तयार झालेली पोर वरून कशी येते, हे बघायची मला हाव सुटली होती.

आणखी एक गोष्ट होती. तिच्या डाव्या मनगटरक्षकाचा चिकटपट्टा आदल्या दिवशी उसवला होता. मी तो जुन्या नी-कॅपचं इलॅस्टिक गुंडाळून बांधला होता. रात्री शिवायचं राहून गेलं. रेषेजवळ तिला उभी करताना मी तो ओढून बघितला. जरा हलत होता. मी आणखी एक गाठ मारली.

"खाली जाऊन शिट्टी मारते. एक लांब शिट्टी म्हणजे ये. दोन तोकड्या म्हणजे थांब. काय?"

"एक लांब, दोन तोकड्या," ती म्हणाली. तिचे डोळे उताराकडं लागले होते. आवाजात नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता. तीही घाबरली आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. तिथंच थांबवायला हवं होतं.

टाकीचा रस्ता खाली साखर कारखान्याच्या रस्त्याला मिळतो. हंगाम सुरू झाला होता. उसानं भरलेले ट्रॅक्टर डावीकडून यायचे, दोन-दोन ट्रॉल्या ओढत, कण्हत कण्हत, त्यांचा आवाज मैलभरावरून यायचा. रिकामे होऊन ते गावातल्या दुसऱ्या वाटेनं परत जायचे. रोज मैथिली फाट्याच्या बरीच अलीकडं पाय घासून थांबायची, तरी मी आपली फाट्यावर राखणीला उभी राहायचे. त्या दिवशीही उभी राहिले. डावीकडं बघितलं. रस्ता रिकामा होता. उजवीकडं बाभळींचं वळण होतं. तिकडं मी बघितलं नाही, कारण तिकडून कधी काही येतच नसे. गावात जत्रा होती, दुसरी वाट पाळण्यांनी आणि दुकानांनी बंद झाली होती. हे मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी मीच मैथिलीला तिथं बत्तासे घेऊन दिले होते. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांची गाठ पडली नाही.

मी एक लांब शिट्टी मारली.

मैथिली निघाली. पहिल्या वीसेक हातांतच मला कळलं की हा वेग वेगळा आहे. रोजची मैथिली झुलत यायची. ही सरळ येत होती, हात दोन्ही बाजूंना ताठ, गुडघे ताठ. तिनं एकदा पाय खाली घासून बघितला, बोर्ड थरथरला, आणि तिनं पाय वर घेतला. मग पुन्हा घासला नाही. आणि त्याच वेळी उजवीकडून गाणं ऐकू आलं.

आधी गाणं, मग रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट. बाभळींमागून ट्रॅक्टर निघाला, भरलेला असतो त्याच्या तिप्पट वेगात, दोन कर्ण्यांवर गाणी लावलेली. ड्रायव्हर समोर बघत होता. बाजूला उतार आहे आणि उतारावरून एक पोर येतेय हे त्याला दिसायचं कारणच नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली. असं नुसतं लिहिताना काही वाटत नाही. त्या क्षणी काय झालं ते सांगते. शिट्टी तोंडात होती, ती गळून पडली आणि दोरीला लोंबत राहिली. दोन तोकड्या शिट्ट्या मला सुचल्या नाहीत. ट्रॅक्टरसमोर धावत जावं, हात करावेत, तेही सुचलं नाही. मला फक्त हे सगळं थांबायला हवं होतं. ट्रॅक्टर, ती फळी, ते गाणं, ती सकाळच. आणि मी ओरडायला लागले, "बस! बस, बस, बस!"

नियमातलं 'बस' ते नव्हतं. नियम माझ्या डोक्यात उरलाच नव्हता. पोटात कळ आली की माणूस बस म्हणतो, कुणी मारत असलं की म्हणतो, ते बस होतं. पुरे झालं आता, या अर्थाचं. आणि ते ओरडता ओरडता माझ्या गुडघ्यांतलं बळ गेलं. मी रस्त्याच्या तोंडाशी मटकन खाली बसले. वीस वर्षं पोरांना पळायला शिकवणारी बाई, आणि नेमकं पळायचं तेव्हा पाय नाहीत.

बसल्या बसल्या मी बघत होते. मैथिली माझ्यापासून पंचवीस-तीस हातांवर होती. तिचं तोंड दिसत होतं, पांढरंफटक. आणि ती बसली.

खाली बसली, बोर्डावर अगदी मुटकुळं करून. हात छातीशी घेतले आणि डावीकडं, साइडपट्टीच्या मातीकडं कलंडली. एक लोळण, दुसरी लोळण. प्लॅस्टिक डांबरावर घासल्याचा आवाज आला. बोर्ड मोकळा झाला आणि माझ्या शेजारून सुसाट पुढं गेला. ती मात्र लोळत, घसटत आली आणि फाट्याच्या कडेला, माझ्या पलीकडं थांबली. तिच्या हेल्मेटापासून वीतभर अंतरावरून मागच्या ट्रॉलीचं चाक गेलं. त्याच चाकाखाली लाकूड मोडल्याचा आवाज झाला. मला वाटलं, तीच मोडली.

धूळ खाली बसेपर्यंत मी डोळे मिटून घेतले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"मावशी," ती म्हणाली. "हात."

मी रांगत तिच्यापाशी गेले. उजवा हात चांगला होता. त्या हाताच्या रक्षकाची प्लॅस्टिकपट्टी घासून अर्धी झिजली होती, खालचा तळवा मात्र शाबूत होता. डाव्या हाताचं इलॅस्टिक कुठंतरी सुटून गेलं होतं आणि रक्षक कोपरापर्यंत सरकला होता. मनगट जेवायच्या काट्यासारखं वाकडं झालं होतं. ती रडत नव्हती. मी तिला हलवलं नाही, हेल्मेट काढलं नाही, फक्त तिला तिचं नाव विचारलं, शाळेचं नाव विचारलं, आज वार कुठला ते विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली. मग हात ओढणीनं छातीशी बांधला. गाठ मारताना दुसरं टोक तिनं उजव्या हातानं धरून दिलं.

ट्रॅक्टर बराच पुढं जाऊन थांबला होता. ड्रायव्हर पळत आला. चाळिशीचा माणूस, तोंडावर घामाच्या धारा. बोर्डाचे दोन तुकडे त्यानं हातात आणले होते, आणि ते कुणाला द्यावेत हे त्याला कळत नव्हतं.

"बाई, म्या आरशात बगितलं वो," तो म्हणाला. "पोरगी हुबी असती तर ट्रॉलीच्या फाळक्यावर डोस्कं आपाटलं असतं. तुमी बस म्हनून वरडला, ती बसली. म्हनून वाचली. न्हाईतर आज माज्या हातनं..." आणि तो रस्त्यातच खाली बसला आणि रडायला लागला.

त्यानं शिट्टी ऐकली नव्हती, रेष बघितली नव्हती. माझं ओरडणं तेवढं, अगदी जवळून जाताना, त्याच्या कानावर पडलं होतं. दवाखान्यात त्यानं तेच सांगितलं. डॉक्टरांनी ते शैलाला सांगितलं. संध्याकाळी शैला आली, पोरीचं प्लॅस्टर बघितलं, पोरीच्या केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. ती मला काय बोलेल या धाकानं मी भिंतीला टेकून उभी होते. बोलावी, असं वाटत होतं. तिनं येऊन माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुझ्या एका शब्दानं माझी पोर राहिली."

सांगायचं तेव्हाच होतं. रेष मी वर सरकवली, शिट्टी मी मारली, उजवीकडं मी बघितलं नाही, पट्टा मी शिवला नाही. आणि तो शब्द तू समजतेस तो नव्हताच. एवढं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण शैलाचे हात गरम होते आणि माझे गार पडले होते, आणि मी ते तसेच धरून राहिले. पुढं रेषेचं आणि पट्ट्याचं मी तिला हळूहळू सांगितलं, ती रागावली, वर्षभर धड बोलली नाही, मग बोलायला लागली. त्या शब्दाचं मात्र कधीच सांगितलं नाही. घरात लग्नकार्यात, कुणाही नव्या माणसासमोर ती गोष्ट निघायची. कुंदामावशीनं, म्हणजे मी, कसं ऐन वेळी प्रसंगावधान राखलं. मी पान लावत बसायचे किंवा उठून पाणी आणायला जायचे.

याला चौदा वर्षं झाली. मैथिलीचं मनगट सांधलं. सहा महिन्यांनी ती पुन्हा बोर्डावर उभी राहिली आणि मला पुन्हा झोप लागेनाशी झाली. आता ती सव्वीस वर्षांची आहे. पुण्यात एका मैदानाच्या कोपऱ्यात रविवारी सकाळी लहान मुलांना स्केटबोर्ड शिकवते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडं गेले होते, गुडघे दाखवायला. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी ती मला मैदानावर घेऊन गेली आणि एका खुर्चीत बसवलं.

अकरा मुलं होती. प्रत्येकाच्या हनुवटीखाली एक बोट घालून तिनं पट्टे बघितले. मनगटरक्षक ओढून बघितले, एकाचा उसवलेला होता, त्याला सरळ घरी पाठवलं. तो रडला तरी पाठवलं. मग ओळीनं उभं करून ती ओरडली, "बस!" आणि स्वतः खाली बसली. मुलं बसली. पुन्हा उठली, पुन्हा "बस", पुन्हा ती स्वतः बसली. वीस-पंचवीस वेळा झालं. मला माझ्या अंगणातल्या सतरंज्या आठवल्या.

ती पाणी प्यायला माझ्याजवळ आली तेव्हा मी म्हटलं, "तू कशाला दर वेळी बसतेस? दमशील. शब्द पुरे की."

"शब्द कुठं ऐकू येतो, मावशी?" ती म्हणाली. "त्या दिवशी मला तरी कुठं ऐकू आला?"

मी खुर्चीत पुढं सरकले.

"हेल्मेटात वारा घोंघावत होता. त्यात ती गाणी. तुझं तोंड उघडलेलं दिसलं, पण आवाज नाही. काय म्हणतेस कळेना. उडी मारणारच होते मी, पाय उचलला पण होता. तेवढ्यात तू रस्त्यात खाली बसलीस. अंगणात बसायचीस तशी. म्हणून बसले." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "आई शब्द-शब्द करते, करू दे. मला माहितीये."

चौदा वर्षं मी तो शब्द लपवत आले होते. गुडघे लपवायचे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मैथू," मी म्हटलं, "मी बसून दाखवलं नव्हतं गं. माझे पाय गेले होते. मी भ्यायले होते."

एक लहान मुलगी पट्टा घट्ट करून घ्यायला तिच्यापाशी येऊन उभी राहिली होती. मैथिलीनं खाली वाकून तिच्या हनुवटीखाली बोट घातलं, पट्टा एक घर ओढला, पुन्हा बोट घालून बघितलं. मुलगी पळत ओळीत गेली, तरी ती वाकलेलीच होती.

"खूप?" तिनं विचारलं.

"खूप."

"मी पण," ती म्हणाली.

मग ती सरळ झाली, मुलांकडं वळली आणि म्हणाली की आता मावशी सांगणार आहे, सगळ्यांनी मावशीकडं बघायचं. मी मानेनं नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. अकरातली दहा तोंडं माझ्याकडं वळली. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिले, दोन पावलं पुढं गेले, "बस" म्हटलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून खाली बसले. दहाच्या दहा मुलं बसली.

उठायला मला काही जमेना. मैथिलीनं पुढं येऊन हात दिला, तो डावा होता. मी तो धरला आणि माझं सगळं वजन त्यावर टाकून उठले.